दहा रुपये भाडे आणि एक मत

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयाने लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्या दिवसापासून लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस काम बंद, असा हिशेब कामगारांनी मांडला होता. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली, तरी संप सहा दिवस चालला. भारतातल्या कामगारांचा हा पहिला मोठा राजकीय संप मानला जातो. राजकारणाची जाण हीच मतदाराची पात्रता असती, तर त्या आठवड्यात रस्त्यावर उतरलेल्या माणसांची नावे यादीत सर्वांत वर लागली असती. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच मत नव्हते. प्रांताच्या कायदेमंडळाचा प्रश्नच नव्हता, पण आपल्या गल्लीतला नळ आणि गटार ज्या महापालिकेच्या हातात होते तिच्या निवडणुकीतही नव्हते. हे मत त्यांना पुढच्या चाळीस वर्षांत तुकड्यातुकड्याने मिळाले. ते कसे मिळाले हे तपासले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुंबईत मताचा अधिकार माणसाकडे पाहून क्वचितच ठरला, तो ठरला त्याच्या घराकडे पाहून. आधी घराची मालकी बघितली गेली, मग खोलीचे भाडे, आणि सर्वांना मत मिळाल्यावरही खोलीचा पत्ता. या प्रकरणाचे म्हणणे असे, की पात्रतेच्या अटी कायद्यातून गेल्या तरी घराची ही अट पूर्णपणे गेलेली नाही, आणि आज मतदार यादीवरून जे वाद होतात त्यांचे मूळ बऱ्याच अंशी तिच्यात आहे.

सुरुवात १८६५ च्या कायद्यापासून करावी लागते. त्या कायद्याने शहराचा कारभार म्युनिसिपल कमिशनर आणि सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस यांच्याकडे दिला. आर्थर क्रॉफर्ड या धडाडीच्या आणि खर्चिक कमिशनरच्या काळात करांचा बोजा वाढला आणि १८७१ मध्ये करदात्यांनी मोठी चळवळ उभारली. तरुण फिरोजशहा मेहतांनी त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून, करदात्यांनी निवडलेली सभा हवी असा आग्रह धरला. त्यातून १८७२ चा कायदा आला. ६४ जणांच्या महापालिकेत निम्मे म्हणजे ३२ सभासद करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी, आणि १६ सरकारने नेमायचे. भारतातल्या शहरासाठी हे मोठेच पाऊल होते. पण करदाता म्हणजे कोण? पालिकेचे ठरावीक कर मिळून वर्षाला किमान ५० रुपये भरणारा. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती आणि शंभर रहिवाशांमागे एकही मतदार नव्हता. १८८८ च्या कायद्याने, जो अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबई महापालिकेचा पायाभूत कायदा आहे, ही मर्यादा ३० रुपयांवर आणली आणि विद्यापीठाच्या पदवीधरांना करांच्या अटीशिवाय मत दिले. गिरगावातल्या चाळीत राहणारा, घरपट्टीशी काही संबंध नसलेला बी. ए. झालेला कारकून किंवा मास्तर अशा रीतीने मतदार झाला. त्याच्या खोलीखाली दुकान चालवणारा झाला नाही, आणि परळच्या गिरणीत साचा चालवणारा तर नाहीच. त्या साचेवाल्याला स्वतःचे हित कळत नव्हते असे म्हणावे, तर त्याआधी चारच वर्षे, २३ सप्टेंबर १८८४ रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली होती आणि साप्ताहिक सुट्टी, मधली विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या होत्या. अर्ज करण्याचा अधिकार होता. कारभाऱ्याला बदलण्याचा नव्हता.

या व्यवस्थेच्या बाजूचा युक्तिवाद हलका नव्हता. जो कर भरतो त्याच्या पैशाने शहर चालते, म्हणून खर्चावर त्याचेच लक्ष असावे. जो काही देतच नाही तो इतरांच्या पैशाने उधळपट्टी करायला मत देईल. आजही हे म्हणणे वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. पण मुंबईच्या घरांची रचना पाहिली की ते टिकत नाही. शंभर खोल्यांच्या चाळीची घरपट्टी मालक भरायचा हे खरे, पण ती येत होती कुठून? शंभर बिऱ्हाडांच्या भाड्यातून. कर मालकाच्या नावावर जमा होत होता आणि खिशातून भाडेकरूच्या जात होता. शिवाय शहरात येणाऱ्या मालावर जकातीसारखे कर होते, आणि ते धान्य-तुपाच्या भावातून प्रत्येक घर भरत होते, गरीब घर तर आपल्या मिळकतीच्या मानाने अधिकच. म्हणजे 'कर भरणाऱ्याला मत' हे तत्त्व प्रामाणिकपणे लावले असते तर लालबागची चाळच्या चाळ मतदार झाली असती. कायद्याने कर देणारा मोजलाच नाही, कराची पावती ज्याच्या नावावर तो मोजला. हा फरक लहान वाटतो, पण पुढची दीडशे वर्षे तो पुन्हा पुन्हा भेटत राहतो.

१९२२ च्या दुरुस्तीने भाडेकरूला प्रथमच दार उघडले. महिन्याला १० रुपये किंवा अधिक भाडे देणारा रहिवासी महापालिकेचा मतदार झाला. मतदारांची संख्या एकदम वाढली, महापालिकेतले निवडून येणारे सभासद वाढले, आणि १९२३ मध्ये गिरगावात हिंद महिला समाज चालवणाऱ्या अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात आल्या. मात्र दहा रुपयांची ही रेघ शहराच्या नकाशावर ओढून पाहावी. गिरगाव, ठाकूरद्वार, दादरच्या नव्या वस्तीत दोन-तीन खोल्यांचे बिऱ्हाड असलेला नोकरदार मध्यमवर्ग रेघेच्या वर आला. गिरणगावात एका खोलीचे भाडे साधारणपणे दहा रुपयांच्या खालीच असे. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली तेव्हा त्यातली ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. एका खोलीपेक्षा मोठी जागा नाही म्हणून भाडे कमी, भाडे कमी म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून घरांची स्थिती सुधारण्यासाठी महापालिकेवर दबाव नाही, असे ते चक्र होते.

त्यातही खोली एका कुटुंबाची असेलच असे नव्हते. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतल्या दर पाच माणसांतल्या चाराहून अधिकांचा जन्म शहराबाहेरचा होता, आणि बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा. हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ५२५ च्या आसपास, कारण बायको-मुले गावाकडे आणि पुरुष इकडे. गावमंडळाच्या खोलीत एकेका गावचे दहा-पंधरा गडी पाळ्या लावून झोपत. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खाणावळवालीकडे, ट्रंक भिंतीला लावलेली, आणि भाड्यात प्रत्येकाचा वाटा रुपया-आठ आण्यांचा. धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला गोव्याहून आलेल्या खलाशांच्या आणि आचाऱ्यांच्या 'कुडी' होत्या, त्यांचीही रीत अशीच गावावार. अशा खोलीचे भाडे दहा रुपये असले तरी भाडेपावतीवर नाव एकाचेच. बाकीचे चौदा जण कायद्याच्या दृष्टीने त्या शहरात राहतच नव्हते. गिरणी त्यांच्या श्रमावर चालत होती आणि त्यांनी पाठवलेल्या मनीऑर्डरीवर कोकणातली घरे चालत होती.

प्रांतिक कायदेमंडळाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण तिची चाल तीच आहे. १९१९ च्या सुधारणांनी मालमत्ता, शेतसारा, भाडे, प्राप्तिकर यांवर आधारलेले मत दिले, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात ते सुमारे ३ टक्के लोकांपर्यंत पोहोचले. स्त्रियांना मूळ नियमांत वगळले होते, मात्र प्रत्येक प्रांताच्या कौन्सिलला ठराव करून ही बंदी उठवता येत होती. मद्रासपाठोपाठ मुंबईने १९२१ मध्येच ती उठवली. पण घराची अट कायम असल्याने हे मत मिळाले स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेल्या मोजक्या बायकांना. १९३५ च्या कायद्याने उंबरठा खाली आणला, मतदार लोकसंख्येच्या १४ टक्क्यांच्या आसपास गेले, शिक्षण हीही पात्रता झाली, आणि ठरावीक पात्रता असलेल्या पुरुषाच्या पत्नीला पत्नी म्हणून मत मिळाले. गिरणगावातल्या स्त्रीला यातून किती मिळणार? तिच्या नवऱ्याच्या नावावर खोली नाही, आणि ती स्वतः बहुतेक वेळा चिपळूण-संगमेश्वरच्या बाजूला शेत सांभाळत होती. याच कायद्यात कामगारांसाठी काही जागा राखल्या होत्या, त्यांतल्या काही नोंदलेल्या युनियनच्या सभासदांनी निवडायच्या होत्या. खोलीच्या आधाराशिवाय, निव्वळ कामाच्या आधाराने मत मिळण्याचा मुंबईतला हा दुर्मीळ प्रसंग. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने हजारोंनी सभासद केले होते. म्हणजे कामगाराला नोंदणी जमत नव्हती हा आक्षेप तेव्हाच निकालात निघाला होता.

प्रौढ मतदानाचा सर्वांत ठाम युक्तिवाद मुंबईत झाला आणि तो करणारा माणूस परळच्या चाळीत राहत होता. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे भीमराव आंबेडकर जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्षीला गेले, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. मताचा अधिकार मालमत्तेला बांधला तर अस्पृश्यांना तो मिळणारच नाही, कारण मालमत्ता करण्याचे रस्तेच जातीने बंद केले आहेत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खूप खाली आणावी, असे त्यांनी मागितले. लोक अडाणी आहेत, त्यांना मत वापरता येणार नाही, आधी शिक्षण मग मत, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर मला आजही निर्णायक वाटते. मत वापरणे हेच एक शिक्षण आहे. सामूहिक जीवनातून ज्याला बाहेर ठेवले त्याला त्या जीवनाचे शहाणपण कुठून येणार? ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन आयोगापुढे आणि १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात ते थेट प्रौढ मतदानापर्यंत गेले. काँग्रेसही त्याच सुमारास नेहरू अहवालातून आणि १९३१ च्या कराचीच्या ठरावातून तिथे पोहोचली होती. पण मताधिकार का हवा याची कारणमीमांसा खोलीच्या आतून केली ती आंबेडकरांनी. १९३७ मध्ये मर्यादित मतदारांच्या निवडणुकीत ते भायखळा-परळ मतदारसंघातून मुंबईच्या विधानसभेत गेले. १९५२ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेवर नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. ज्यांना मत मिळावे म्हणून तीस वर्षे भांडले त्यांच्यापैकी अनेकांनी ते दुसऱ्याला दिले. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की लोक मताला लायक नव्हते. हा निष्कर्ष आंबेडकरांच्या युक्तिवादाला लागूच पडत नाही. लोक आपल्याला निवडून देतील म्हणून त्यांना मत द्या, असे ते कधीच म्हणाले नव्हते.

१९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई महापालिकेसाठी प्रौढ मतदानाचा कायदा झाला. युद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबली आणि १९४८ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक या पद्धतीने झाली. राज्यघटना लागू होण्याआधी दोन वर्षे! हे पुरेसे सांगितले जात नाही. दिल्लीत घटना समिती अजून कलमांवर चर्चा करत होती, तेव्हा लालबाग-परळचा २१ वर्षांवरचा रहिवासी भाडे किती भरतो हे न विचारता मतदान करून मोकळा झाला होता.

घटनेच्या ३२६ व्या कलमाने हेच तत्त्व देशाला लावले, आणि ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणाला वगळता येणार नाही, प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच असेल, हे पक्के केले. पण यादी करायची म्हणजे माणूस कुठला हे ठरवायला हवे. घटना लागू होण्याआधी, १९४८ मध्येच यादीचे काम सुरू झाले तेव्हा मतदारसंघात किमान १८० दिवस राहिल्याची अट होती. फाळणीने लाखो लोकांचे पत्ते पुसून टाकले होते. दादर-माटुंगा-सायनच्या आसपास सिंध-पंजाबातून आलेली कुटुंबे उतरत होती, ती १८० दिवस कुठून दाखवणार? त्यांच्यासाठी यंत्रणेने मार्ग काढला: इथे कायमचे राहण्याचा इरादा आहे असे लेखी दिले की नाव लागेल. कागद नाही म्हणून माणूस गाळायचा नाही, माणूस आहे म्हणून कागद तयार करायचा, ही त्या पिढीच्या अधिकाऱ्यांची दिशा होती. ती सर्वत्र यशस्वी झाली नाही. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे शेवटी वगळावी लागली, मुख्यतः उत्तर भारतात, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी ती नोंदली होती आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना स्त्रीचे स्वतःचे नाव हवे होते. मला सेन यांचा हट्ट बरोबर वाटतो. त्याची किंमत त्या २८ लाख जणींनी एका निवडणुकीपुरती मोजली, पण मतदार म्हणून स्त्री कोणाची तरी पत्नी राहिली नाही.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमातले पहिलेच वाक्य मुंबईकराने नीट वाचावे असे आहे. एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे ते म्हणते. १८७२ च्या कायद्याची ही बरोबर उलटी बाजू. गिरगावात चार इमारतींचा मालक असून पुण्यात राहणारा माणूस गिरगावचा मतदार नाही. त्याच इमारतींसमोरच्या फुटपाथवर वर्षानुवर्षे झोपणारे कुटुंब मात्र आहे. बेघर माणसाने नोंदणीचा अर्ज दिला तर बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, अर्जात सांगितलेल्या जागी रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहावे, आणि तसे आढळले तर राहण्याचा कागदी पुरावा मागू नये, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. खोली नसलेल्या माणसाला मत देणारा हा नियम, गावमंडळाच्या खोलीतल्या त्या चौदा जणांना शंभर वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

त्यानंतर अटींत जे बदल झाले ते मुख्यतः दार रुंद करणारे. ६१ व्या घटनादुरुस्तीने वय २१ वरून १८ केले, ते मार्च १९८९ पासून लागू झाले आणि त्याच वर्षअखेरच्या लोकसभा निवडणुकीत नव्या वयाचे मतदार उतरले. परदेशी राहणाऱ्या नागरिकांना २०११ पासून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. २०२१ च्या दुरुस्तीने वय मोजण्याची तारीख वर्षातून एकऐवजी चार वेळा केली, त्यामुळे फेब्रुवारीत अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागत नाही. काही अटी वगळणाऱ्याही आहेत. निवडणुकीतल्या भ्रष्ट आचाराबद्दल मताधिकार काढता येतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचा मताधिकार १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने डिसेंबर २००१ पर्यंत काढला गेला होता. आणि तुरुंगातल्या माणसाला, तो नुसता कच्चा कैदी असला तरी, मतदान करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा नियम वैध ठरवला आहे. तरी मला तो पटत नाही. एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींपैकी जामिनाची रक्कम भरू शकलेला लालबागला घरी परततो आणि मत देतो, न भरू शकलेला आर्थर रोड जेलमध्ये राहतो आणि देऊ शकत नाही. दोघांचाही गुन्हा सिद्ध झालेला नाही. इथे पुन्हा पैसा आणि राहण्याची जागा यांवर मत ठरते, आणि हे एका दुर्लक्षित कलमातून घडते.

१८८८ चा पदवीधरही अजून हयात आहे. विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघात, पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेल्या नागरिकालाच मत आहे, आणि दर निवडणुकीआधी नव्याने नाव नोंदवावे लागते. वरच्या सभागृहात अभ्यासू माणसे यावीत हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण अभ्यासू उमेदवार हवा असेल तर पात्रता उमेदवाराला लावावी, मतदाराला का? घटनेने तर उलटेच केले आहे: मतदाराला पदवी हवी, उमेदवाराला नको. साक्षर-निरक्षर भेद सर्वत्र संपवलेल्या देशात ही जागा का उरली याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

पण आजचा मोठा प्रश्न या अपवादांचा नाही, पत्त्याचा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, पागडीची पद्धत पसरली, आणि खोल्या तीन-तीन पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहिल्या. भाडेपावती आजोबांच्या नावावर, रेशनकार्ड वडिलांच्या, लाइट बिल काकांच्या, आणि यादीत सगळे. ही व्यवस्था सैल होती, पण माणसे जागेवर होती म्हणून चालून जात होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती हलली. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. गिरण्या बंद पडत गेल्या आणि कुटुंबे खोली विकून डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरकडे किंवा सरळ गावी गेली. मग पुनर्विकास आला. जुनी चाळ पाडायची, रहिवाशांनी संक्रमण शिबिरात किंवा भाडे घेऊन कुठेतरी राहायचे, आणि टॉवर उभा राहिला की परतायचे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत हेच चालू आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ते नशीबवान. उपकरप्राप्त इमारतींतली कितीतरी कुटुंबे दशकानुदशके शिबिरात आहेत, आणि अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांतल्या लोकांचे भाडेही बिल्डरने थांबवलेले असते. बीएलओ यादी घेऊन जुन्या पत्त्यावर जातो तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण आणि खड्डा असतो. त्याने काय लिहायचे? 'स्थलांतरित' असे लिहिले की नाव वगळण्याच्या मार्गाला लागते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई-पुण्यात असंख्य लोक मतदान केंद्रावर पोहोचले आणि यादीत नाव नसल्याने परतले. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना त्याबद्दल माफी मागावी लागली होती.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. याद्या नियमित साफ केल्या नाहीत तर मेलेली, गेलेली आणि दोन-दोन ठिकाणी नोंदलेली नावे साठतात, बोगस मतदानाला वाव मिळतो, आणि मग प्रामाणिक मतदाराचे मतही हलके होते. हे खरे आहे. गावी एक आणि मुंबईत एक अशी दोन नावे ठेवण्याची सवय कोकणातल्या घरांना नवी नाही, आणि कायद्याने तो गुन्हा आहे. प्रश्न सफाई करावी का हा नाही. चूक झाली तर तिचा भार कोणी सोसायचा, हा आहे. मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांत मतदारांना नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या, तेव्हा १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे ते नीट तपासून लावले गेले असे धरून चालावे, त्याला शंकेचे कारण कळवावे, म्हणणे मांडू द्यावे, आणि ठरावीक कागदांपुरते न अडता तो देईल तो पुरावा विचारात घ्यावा. दुबार नाव काढणे आणि पत्र्याच्या कुंपणाआडचे नाव काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणसाचे दुसरे मत शिल्लक राहते, दुसऱ्यात त्याचे एकमेव मत जाते.

आणि कायद्यात याचे उत्तर आहे. विसाव्या कलमातच म्हटले आहे की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्यामुळे आपल्या जागेचे रहिवासीपण गमावत नाही. परळची खोली पाडली, तिच्या जागी घर देण्याचा करार हातात आहे, आणि मध्ये सहा वर्षे कांजूरमार्गला भाड्याने राहणे भाग पडले, तर तो माणूस तात्पुरता बाहेर आहे की स्थलांतरित? माझ्या मते करार जिवंत आहे तोवर निवड त्याच्यावर सोडावी. त्याला कांजूरमार्गचा मतदार व्हायचे असेल तर आठ क्रमांकाचा अर्ज भरून नाव हलवावे, नाही तर परळला ठेवावे, पण दोन्हीकडून गायब करू नये. म्हाडाकडे आणि महापालिकेकडे पात्र रहिवाशांच्या नावानिशी याद्या असतात. पुनर्विकासाला परवानगी देतानाच ती यादी मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जावी, एवढी साधी सोय केली तरी बीएलओला कुंपणासमोर अंदाज करत उभे राहावे लागणार नाही.

हा प्रश्न एकट्यादुकट्या मतदाराचा नाही, कारण माणसे हलली की मतदारसंघही हलतात. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेच्या १७ जागा होत्या आणि उपनगरातही १७. पुनर्रचनेनंतर शहरात १० उरल्या, उपनगरात २६ झाल्या. दादर, परळ, नायगाव, खेतवाडी, ऑपेरा हाउस ही नावे विधानसभेच्या नकाशावरून गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हे तत्त्व योग्यच आहे, उपनगराला त्याचा वाटा मिळायलाच हवा होता. पण संक्रमण शिबिरात ठेवलेले कुटुंब जनगणनेत शिबिराच्या ठिकाणी मोजले जाते आणि परत येते जुन्या जागी. येत्या जनगणनेनंतर पुनर्रचना पुन्हा होईल तेव्हा लालबाग, शिवडी, वरळीत किती माणसे धरायची, हे ठरवणाऱ्यांसमोर अर्धवट टॉवरांची आणि परतीचे करार हातात धरलेल्या कुटुंबांची मोजदाद असायला हवी, आणि ती गोळा करण्याचे काम जनगणनेच्या आधी करावे लागेल.